ग्लू किती अंश सहन करतो? आधी विचारा, कुठल्या हवेत!

(या आठवड्याच्या एपिसोडचं हे लिखित रूप. मधले 'अं…' आणि 'म्हणजे बघा' कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

सुरुवातीलाच सॉरी म्हणतो, कारण रेकॉर्डिंगमध्ये मध्येच दोनदा जोरात घरघर ऐकू येईल. तो फॅन नाही, सुखोई आहे. नाशिकमध्ये राहून ओझरकडून येणारा हा आवाज एडिट करायचा म्हटलं तर कधीकधी अर्धा एपिसोड कापावा लागेल. आणि आज तो राहिलेलाच बरा, कारण आजच्या विषयात विमानंही येणार आहेत.

विषय आहे ग्लू. आणि तो डोक्यात कसा आला ते आधी सांगतो.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी फोनची बॅटरी बदलून घेतली. दुकानात मागची काच उघडली, नवी बॅटरी टाकली, काच परत चिकटवली. मे महिनाभर फोन कधी स्कूटरच्या होल्डरवर, कधी कारच्या डॅशबोर्डवर. जूनमध्ये पहिला पाऊस आला तेव्हा मी गंगापूर रोडवर होतो. जेमतेम दहा मिनिटं भिजलो. संध्याकाळी स्क्रीनवर हिरव्या रेघा, रात्री फोन बंद. त्यात माझ्या आजीच्या आवाजातल्या तीन रेकॉर्डिंग होत्या. बॅकअप नव्हता. आणि आजी आता नाही.

दुकानात गेलो तर उत्तर मिळालं, "दादा, उन्हात ठेवला असणार तुम्ही. ग्लू वितळला."

मी गप्प घरी आलो. पण मग मी अशा प्रकारच्या टेपची माहितीपत्रकं वाचायला बसलो. सवय आहे, दिवसभर डॉक्युमेंटेशनच वाचतो मी. चांगल्या ॲक्रिलिक फोम टेपवर लिहिलेलं असतं: थोड्या वेळासाठी साधारण १५० अंश सेल्सिअस, सतत वापरासाठी ९० च्या आसपास. नाशिकचा कडक उन्हाळा म्हणजे ४० अंश. उन्हात उभ्या कारचा डॅशबोर्ड ७० पर्यंत जाऊ शकतो, मान्य. तरी ७० म्हणजे ९० नाही. मग ग्लू सुटला कशामुळे?

गरम झाल्यावर ग्लूचं नेमकं काय होतं?

ग्लू म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्यांचा गुंता. थंड झालेली मॅगी आठवा. वाटी उलटी केली तर अख्खा गोळा पडतो. तीच गरम केली की एकेक शेव सरकायला लागते. ग्लूचंही तसंच. एका ठरावीक तापमानाच्या खाली तो कडक असतो, वर गेला की साखळ्या सरकायला लागतात आणि तो मऊ पडतो. या तापमानाला ग्लास ट्रान्झिशन तापमान म्हणतात. आपण त्याला 'मऊ पडण्याचं तापमान' म्हणू. मोबाईल दुरुस्तीवाला फोन उघडताना काच साधारण ८० अंशांपर्यंत गरम करतो ते यासाठीच: टेप मऊ पडते आणि हळूच सोडवता येते. हा बदल परत फिरतो. थंड झालं की ग्लू पुन्हा घट्ट.

दुसरा बदल परत फिरत नाही. त्यात साखळ्या सरकत नाहीत, तुटतात. आणि इथे एक गोष्ट आपण सहसा विसरतो. साखळी तोडायला नुसती उष्णता लागत नाही. आजूबाजूच्या हवेत काय आहे, यावरही ते ठरतं.

तीच भट्टी, दोन वेगळ्या हवा

लॅबमध्ये एक साधी चाचणी करतात. ग्लूचा काही मिलिग्रॅमचा तुकडा एका अतिशय नाजूक काट्यावर ठेवायचा. काट्याभोवती छोटी भट्टी. तापमान हळूहळू वाढवायचं आणि वजन कुठे घटतं ते बघायचं. हीच चाचणी दोनदा करतात: एकदा भट्टीत नायट्रोजन भरून, एकदा साधी हवा सोडून.

नेहमीच्या इपॉक्सीचं उदाहरण घ्या. नायट्रोजनमध्ये साधारण ३५० ते ४०० अंशांच्या पट्ट्यात त्याचं वजन झपाट्याने उतरतं आणि शेवटी काळा कोळसा उरतो. हवेत तो कोळसाही जळून जातो, जवळपास काहीच उरत नाही. ग्लू तोच, भट्टी तीच, निकाल वेगळा.

पण खरा फरक इतक्या वरच्या तापमानाला नाही, तो खाली दिसतो. समजा तोच जोड १५० ते २०० अंशांवर काही महिने ठेवला. नायट्रोजनमध्ये तो बराच टिकतो. हवेत मात्र ऑक्सिजन कामाला लागतो. साखळीतला एखादा हायड्रोजन निसटला की तिथे ऑक्सिजन बसतो, पेरॉक्साइड तयार होतं, ते फुटतं आणि त्यातून दोन नवे हल्लेखोर तयार होतात. व्हॉट्सॲपवरच्या अफवेसारखं: एकाने दोघांना पाठवली, त्या दोघांनी चौघांना. तापमान म्हणजे नेटचा स्पीड. ढोबळ हिशोब असा, की दर १० अंशांना वेग जवळपास दुप्पट.

हे बघायला लॅब लागत नाही. घरात जुन्या कागदपत्रांची फाईल काढा. त्यात एखाद्या फाटक्या कागदाला लावलेली सेलोटेप असेल. ती पिवळी पडलेली, कडक झालेली, हात लावला की गळून पडणारी, आणि कागदावर तपकिरी डाग. तो रबराचा ग्लू होता. आधी तो चिकट होऊन पसरला, मग ऑक्सिजनने त्याला वाळवून टाकला. फाईल तर भट्टीत नव्हती. फक्त वेळ भरपूर होता.

यातून एक मजेशीर गोष्ट निघते. दोन धातूंच्या पत्र्यांमध्ये ग्लू असेल तर पत्र्यातून ऑक्सिजन आत जाऊ शकत नाही. तो काठातूनच शिरतो. म्हणून रुंद जोड जास्त टिकतो, त्याचा मधला भाग बराच काळ सुरक्षित राहतो. अरुंद जोडाला मधला भागच नसतो, तो सगळा काठच. आता फोनची काच आठवा. तिच्या कडेने फिरणारी टेप जेमतेम एक-दोन मिलिमीटर रुंद असते.

धातूचाही यात हात असतो. काही इपॉक्सी-फिनॉलिक ग्लू गरम हवेत ॲल्युमिनियमवर चांगले टिकतात, पण स्टेनलेस स्टीलवर लवकर खराब होतात, कारण लोखंड ऑक्सिजनच्या कामाला हातभार लावतं.

नाशिक आणि इगतपुरी

खरं सांगायचं तर माझ्या फोनच्या बाबतीत ऑक्सिजन मुख्य आरोपी नव्हता. ॲक्रिलिक ग्लू ऑक्सिजनला तसा सहज दाद देत नाही. हवेतला दुसरा आरोपी आपल्या ओळखीचा आहे. पाण्याची वाफ.

नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून ४५ किलोमीटरवर इगतपुरीला ३००० च्या पुढे. आणि शहरातसुद्धा मे महिन्याची कोरडी हवा आणि जुलैची ओली हवा यांत जमीन-अस्मानाचा फरक. मेमध्ये धुतलेली जीन्स दोन तासांत वाळते, जुलैमध्ये दोन दिवस वास मारत लटकते. हीच हवा ग्लूलाही लागते.

पाणी ग्लूला तीन प्रकारे त्रास देतं.

पहिलं, ते साखळ्यांच्या मध्ये शिरून वंगणाचं काम करतं. इपॉक्सीने वजनाच्या १ टक्का पाणी शोषलं की त्याचं मऊ पडण्याचं तापमान ढोबळ मानाने २० अंशांनी खाली येतं. म्हणजे कोरडा असताना १२० अंशांपर्यंत कडक राहणारा ग्लू २ टक्के पाणी पिऊन ८० अंशांलाच मऊ पडू शकतो. पॅकेटवर मात्र १२० च छापलेलं असतं.

दुसरं, पाणी काही साखळ्या सरळ कापतं. महागाचे स्पोर्ट्स शूज 'चांगल्या प्रसंगाला' म्हणून बॉक्समध्ये ठेवले, तीन-चार वर्षांनी काढले आणि चार पावलांत सोलचा भुगा झाला, असं कुणाकुणाचं झालंय? ऊन नाही, वापर नाही, तरी मेले. पॉलियुरेथेनच्या काही प्रकारांना हवेतली वाफ आतल्या आत कापत राहते.

तिसरं सगळ्यात वाईट. काच आणि धातू यांना पाण्याची ओढ ग्लूपेक्षा जास्त असते. पाणी जोडाच्या काठाने शिरतं आणि ग्लूला बाजूला सारून स्वतः पृष्ठभागाला चिकटतं. ग्लू धडधाकट असतो, पण त्याची जागा गेलेली असते.

म्हणून इलेक्ट्रॉनिक्समध्ये '८५-८५' नावाची चाचणी प्रसिद्ध आहे: ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता, बऱ्याचदा सलग १००० तास. गच्चीवरच्या सोलर पॅनेललाही अशाच परीक्षेतून जावं लागतं. नुसते कोरडे ८५ अंश बरेच ग्लू पार करतात. दोन्ही ८५ एकत्र आले की घाम फुटतो.

पण पाणी प्रत्येक वेळी व्हिलन असतं असंही नाही. फेविक्विक घट्ट होतं तेच मुळी हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्यामुळे. आणि आपल्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२० च्या दशकापासून पोस्टाची तिकिटं छापतात. तिकिटामागचा डिंक ओला केला की चिकटला पाहिजे, हीच त्याची नोकरी. मात्र तो पावसाळ्याची वाफ आणि तुमचं बोट यांत फरक करत नाही. तिकिटं जमवणाऱ्या कुणालाही विचारा, पावसाळ्यात कोऱ्या तिकिटांचे शीट एकमेकांना चिकटू नयेत म्हणून ते किती जपतात.

विमानं आणि हवा

आता ओझरकडे वळू. एचएएलचा तिथला कारखाना १९६४ साली मिग-२१ बनवण्यासाठी उभा राहिला, पुढे सुखोई-३० एमकेआय आलं. तेजसचं काम तिथे आहे, आणि तेजसच्या रचनेत वजनाने साधारण ४५ टक्के कंपोझिट आहे. कंपोझिट म्हणजे कार्बनचे धागे आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन, म्हणजे ग्लूचाच भाऊ. जगभर विमानातल्या अशा भागांची ताकद कोरड्या लॅबमधल्या आकड्यावर धरत नाहीत. 'गरम आणि ओल्या' अवस्थेत, म्हणजे पाणी पिऊन गरम झालेला भाग किती भार घेतो, त्यावर धरतात.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. दोन गोष्टी सांगतो.

पहिली भारतातलीच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांचं मॉस्किटो नावाचं विमान होतं, लाकडाचं, ग्लूने चिकटवलेलं. सुरुवातीला त्यात केसिन ग्लू वापरत, म्हणजे दुधातल्या प्रथिनाचा. १९४४ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या बाजूच्या आघाडीवर काही मॉस्किटो कोसळली. लगेच निष्कर्ष निघाला: इथलं ऊन आणि पावसाळा ग्लूला सोसला नाही. मेजर हेरवर्ड डी हॅविलँड यांच्या नेतृत्वाखाली एक पथक भारतात आलं. डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांनी सांगितलं, ग्लू खराब झालेला नाही, पावसाळ्यात विमानाचा सांगाडा आकसला. पण नंतरच्या चौकशीत वेगळंच निघालं. इंग्लंडमध्ये तपासलेल्या, ज्यांनी पावसाळा बघितलाच नव्हता अशा विमानांमध्येही तसेच दोष सापडले. मूळ चूक कारखान्यातल्या कामाची होती. उपाय म्हणून पंखाच्या मुख्य आडव्या तुळईवरचा जोड प्लायवूडच्या पट्टीने लांबभर बंद केला.

दुसरी गोष्ट हवाई बेटांवरची. २८ एप्रिल १९८८. अलोहा एअरलाइन्सचं फ्लाइट २४३, बोइंग ७३७. २४,००० फुटांवर पुढच्या भागाचं छत उडून गेलं. एका हवाई सेविकेचा जीव गेला, बाकी ९४ जण वाचले. हे विमान खाऱ्या, दमट हवेत छोट्या फेऱ्या मारत असे. तोपर्यंत ८९,६८० उड्डाणं झाली होती. पत्र्यांच्या जोडात रिव्हेट होतेच, शिवाय इपॉक्सी फिल्म होती. ही फिल्म वापरेपर्यंत फ्रीझरमध्ये ठेवावी लागे. बाहेर काढल्यावर तिच्यावर दव जमलं, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर जमतं तसं, तर जोड पहिल्या दिवसापासूनच कच्चा. मग त्यातून ओलावा शिरला, पत्रा गंजला, सगळा भार रिव्हेटवर आला, तिथून तडे गेले आणि ते वेळेवर पकडले गेले नाहीत.

म्हणजे हवा दोनदा परीक्षा घेते: एकदा चिकटवताना आणि नंतर रोज. आणि मॉस्किटोचा धडा असा, की हवेला दोष देण्याआधी चिकटवणाऱ्याचं काम तपासा.

उलटं टोकही सांगून टाकतो. अवकाशात हवाच नाही. मग ग्लू सुखात? नाही. तिथे पोकळीत ग्लूमधले हलके रेणू उडून जातात आणि कॅमेऱ्याच्या लेन्सवर जाऊन बसतात. म्हणून उपग्रहासाठीचे ग्लू पोकळीत १२५ अंशांवर २४ तास ठेवून बघतात. वजन १ टक्क्यापेक्षा जास्त घटलं तर सहसा नापास. पृथ्वीवर उत्तम असलेला ग्लू तिथे बाद होऊ शकतो.

माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं एक बदनाम वाक्य आहे: "माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय." ग्लूच्या पॅकेटवरचा तापमानाचा आकडा असाच असतो. तो खोटा नसतो. तो कुठल्या हवेत, किती वेळ, किती भाराखाली मोजला, एवढंच तिथे लिहिलेलं नसतं. फोनवरचं आयपी-६८ पण तसंच. नवा फोन, स्वच्छ पाणी, लॅब. नाशिकचा मे आणि त्यानंतरचा जून त्या चाचणीत नसतो.

घरी करून बघायचं असेल तर सोपं आहे. आइसक्रीमच्या लाकडी काड्या घ्या, नेहमीच्या पांढऱ्या फेविकॉलने दोन-दोन चिकटवा, दोन दिवस वाळू द्या. दोन सारख्या काचेच्या बरण्या. एकीत ओला कापूस, दुसरीत शूजच्या बॉक्समधल्या सिलिका जेलच्या पुड्या. काड्या कापसाला टेकू देऊ नका. झाकणं लावून दोन्ही बरण्या आठवडाभर एकाच उन्हात ठेवा. मग काड्या ओढून बघा. ओल्या बरणीतल्या लवकर सुटतील. ऊन तेच, ग्लू तोच. फरक फक्त आतल्या हवेचा.

फोनसाठी चार गोष्टी.

काच एकदा उघडली की जुनी सील संपली असं समजा. जुनी टेप पूर्ण खरवडून, पृष्ठभाग साफ करून, त्याच मॉडेलची नवी टेप लावायला सांगा आणि समोर उभं राहून बघा.

भर पावसाळ्यात दुरुस्ती करत असाल तर भिजलेला किंवा एसीतून काढलेला थंड फोन लगेच चिकटवू देऊ नका. आधी तो कोरडा आणि खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

उन्हात उभ्या कारमध्ये फोन ठेवू नका. ॲपलसारखी कंपनीही फोन वापरायला ३५ अंशांपर्यंतचीच हवा ठीक असं सांगते, आणि बंद फोन ठेवायला ४५ पर्यंत.

मे संपला की काचेच्या कडेवरून नख फिरवून बघा. नख कुठे अडकलं तर पावसाआधी दुकान गाठा.

आणि माझा फोन? मी तो दुसऱ्या एका दुकानात नेला. त्यांनी माझ्यासमोर काच उघडली. जुन्या टेपचे तुकडे तसेच होते आणि चार कोपऱ्यांत ग्लूचे चार थेंब. बाजूंना काहीच नाही. मे महिन्याच्या उन्हाने ते थेंब मऊ केले असतील, जूनच्या ओलाव्याने उरलेलं काम केलं असेल, पण ती काच एप्रिलमध्येच नीट चिकटलेली नव्हती. ऊन लागलं हे खरं होतं, पण ते अर्धं उत्तर होतं.

तीनपैकी दोन रेकॉर्डिंग मिळाल्या. तिसरी गेली. त्या दोन आता तीन ठिकाणी सेव्ह आहेत.

तुम्हीही बॅकअप घ्या, आज रात्रीच. बरणीचा प्रयोग केलात तर व्हॉइस नोट पाठवा. इगतपुरीवाले आणि मालेगाववाले, तुमच्याकडून तर नक्की हवी, तुमच्या निकालांत किती फरक पडतो ते मला बघायचंय. भेटू पुढच्या आठवड्यात, तोपर्यंत काळजी घ्या!